दोन नंबरच्या कोंबडीचं पोट

काळजी करण्याच्या कामात माझ्या थोरल्या साडूंच्या तोडीचा माणूस साऱ्या भिलाईत नव्हता, आणि भिलाई तेव्हा ज्या मध्य प्रदेशात होती त्या एवढ्या मोठ्या मुलखातही कुठे असेल असं मला वाटत नाही. आपण काळजी करतो ती काही घडलं की करतो. साडू ती आधीच करून ठेवत. उन्हाळ्यात त्यांना सेक्टर दोनमधल्या आपल्या क्वार्टरचं छत पावसात गळेल अशी धास्ती असे, आणि पावसाळ्यात ते गळत नाही म्हणजे पाणी आतच कुठेतरी साचत असणार अशी. पोलाद कारखान्याच्या पंप हाऊसमध्ये ते चार्जमन होते. वीस वर्षं पाण्याच्या पातळीकडे टक लावून बसल्याचा हा परिणाम, असं माझी मेव्हणी, म्हणजे त्यांची बायको, सांगे. तिला आम्ही सगळे ताई म्हणतो. मला ताईचं म्हणणं पटत नाही. माझ्या मते साडू जन्मले तेव्हाच त्यांनी सुइणीला हात धुतले का म्हणून विचारलं असावं.

पंपाचं बेअरिंग नीट फिरतं की नाही हे ऐकायला जुने कामगार स्क्रू ड्रायव्हरचं टोक यंत्राला लावतात आणि मूठ कानाला. साडूंचा तसला एक हातभर लांब स्क्रू ड्रायव्हर होता आणि तो घरातही त्यांच्या हाताशी असे. पंखा, फ्रिज, शिलाईचं मशीन, माझ्या सायकलचं मागचं चाक, सगळ्यांच्या आतलं त्यांनी ऐकलेलं होतं. एका दिवाळीत आमचे सासरे वर्ध्याहून आले होते आणि छातीत धडधडतं म्हणून सारखे सांगत होते. दुपारी त्यांचा डोळा लागला. जागे होऊन बघतात तर छातीवर स्क्रू ड्रायव्हर टेकवलेला आणि पलीकडच्या टोकाला डोळे मिटून बसलेले थोरले जावई. सासऱ्यांनी त्यानंतर आयुष्यात छातीचं नाव काढलं नाही.

पण त्यांचा खरा जीव होता लॉगबुकात. कारखान्यात पाळी बदलताना जाणारा माणूस येणाऱ्याच्या हाती लॉगबुक देतो. काय बंद पडलं, काय सुरू केलं, काय राहिलं, सगळं त्यात लिहिलेलं असतं. साडूंनी घरातही तसली एक लांब वही खिळ्याला टांगलेली होती आणि ड्युटीवरून आल्यावर बुटांच्या नाड्या सोडायच्या आधी ते ती वाचत. कोणाला तोंडानं काही विचारणं त्यांना आवडत नसे. विचारलं म्हणजे लिहिणाऱ्यावर अविश्वास दाखवला, असं त्यांचं मत. लिहिलेलं नसेल तर मात्र ती गोष्ट घडलेलीच नाही. माझी मुलगी झाली तेव्हा दवाखान्यात नर्सनं त्यांना हसत सांगितलं, मुलगी झाली म्हणून. साडूंनी आधी रजिस्टरात पाहिलं आणि मगच मला मिठी मारली.

अशा माणसानं कोंबड्या पाळल्या. मागच्या अंगणात पपईच्या झाडाखाली तीन कोंबड्या होत्या आणि पंपांना असतात तसे त्यांना नंबर होते. पत्र्याचे बारीक बिल्ले कापून त्यांनी ते पायांत अडकवले होते. एक नंबर आडदांड, तीन नंबर चोरटी, आणि दोन नंबर तांबूस रंगाची, शांत, कोणी बसलं की मांडीशी येऊन उभी राहणारी. तिनं अंडी द्यायचं केव्हाच सोडलं होतं. ताई अधूनमधून मसाल्याचा विषय काढी. साडू म्हणत, "चालू मशीन कोणी भंगारात देते का?"

एका मे महिन्यात दोन नंबरचं पोट फुगलं. माझी बायको मुलीला घेऊन माहेरी वर्ध्याला गेलेली, शाळेला सुट्टी, त्यामुळे मी मास्तर माणूस परीक्षेच्या उत्तरपत्रिका तपासत घरीच होतो आणि जेवायला ताईकडे जात होतो. म्हणून मला हे सारं पहिल्या दिवसापासून पाहायला मिळालं. कोंबडी दिवस भरलेल्या बाईसारखी पाय फाकून चालायला लागली. चोच उघडी ठेवून श्वास घेई. तुरा निळसर झाला. ताई म्हणाली, अंडं अडकलं असेल. साडूंनी स्क्रू ड्रायव्हर लावला, बराच वेळ ऐकलं आणि मान वर करून माझ्याकडे पाहिलं. त्यांचा चेहरा उतरला होता.

"साडभाऊ, आत पानी हाय."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं तिला सायकलच्या हँडलला लावलेल्या पिशवीत घालून दुर्गला जनावरांच्या दवाखान्यात गेलो. रांगेत सगळ्या गाई, म्हशी आणि बैल. अहिवारा गावाकडचा एक म्हातारा आपला बैल घेऊन आला होता. त्यानं पिशवीत डोकावून पाहिलं आणि अगदी मनापासून विचारलं, "कुकरी बर अतेक दूरिहा ले आए हस, साहेब? रांध के खा लेते." कोंबडीसाठी एवढ्या लांब येण्यापेक्षा शिजवून खायची, असं त्याचं म्हणणं. साडूंनी पिशवीचं तोंड हातानं झाकलं. मला वाटतं, तिला ऐकू जाऊ नये म्हणून.

डॉक्टरांनी मात्र हसण्यावारी नेलं नाही. पोटाच्या खालच्या बाजूला उजवीकडे सुई टोचून त्यांनी काचेची मोठी सिरिंज भरून पाणी काढलं, पिवळं, पातळ. "लिवर खराब है," ते म्हणाले. "पानी फिर भरेगा. दिन में एक सिरिंज निकालिए, ज़्यादा नहीं. एकदम निकालेंगे तो झटके से मर जाएगी." साडूंनी खिशातली चिठ्ठी काढून हे शब्द जसेच्या तसे लिहून घेतले आणि खाली डॉक्टरांची सही मागितली. डॉक्टरांनी बिचाऱ्यांनी केलीही.

मग त्या घरात दोन नंबरचं वेगळं लॉगबुक सुरू झालं. ताईच्या शिलाईच्या फितीनं पोटाचा घेर सकाळ-संध्याकाळ मोजायचा, खाणं लिहायचं, शी लिहायची, मिनिटाचे श्वास लिहायचे. दुधाच्या पातेल्यात सिरिंज उकळल्यावरून जे झालं ते कुठल्याच वहीत लिहिलेलं नाही. दुपारपाळीचा आठवडा होता, तेव्हा साडू सकाळी स्वतः पाणी काढत. मी कोंबडी धरायचो. काढलं की तिचा श्वास मोकळा होई, ती दाणे टिपायला लागे, आणि साडूंचे खांदे बोटभर खाली येत. तेवढ्यात मला एक अवदसा आठवली. वहीतल्या शेऱ्याच्या रकान्यात मी लिहिलं, "प्रगती समाधानकारक. वर्तणूक चांगली." साडूंनी वाचलं. हसले नाहीत, रागावलेही नाहीत.

"लॉगबुकात गंमत नाई लिहीत, साडभाऊ," एवढंच म्हणाले. "मांगून येनारा खरं समजून चालते."

मला ते लागलं. पोरांच्या वह्यांवर शेरे मारण्यात माझा जन्म गेला, आणि मला एका कोंबडीच्या वहीवरून ऐकून घ्यावं लागलं. त्या दिवसापासून मी त्या वहीला हात लावायचा नाही असं ठरवलं.

पुढच्या आठवड्यात त्यांची पहिली पाळी लागली. पहाटे निघावं लागे, आणि ताई सुईला हात लावायला तयार नव्हती. आदल्या संध्याकाळी साडू मला म्हणाले, "उद्या बारा वाजता तुम्ही काढा. जमलं तं लिहून ठेवा. नाई जमलं तं मी आल्यावर काढतो." मला जमलं. एकट्यानं, कोंबडीला गुडघ्यात धरून जमलं. ताई शेजारी कुरड्या घालायला गेली होती. शाबासकी द्यायलाही घरात कोणी नव्हतं. वही खिळ्याला लटकत होती. मी तिच्याकडे पाहिलं, साबणानं हात धुतले, भाकरी खाल्ली आणि घरी येऊन उत्तरपत्रिका पुढे ओढल्या.

चार वाजता ताई धावत आली. हाताला कुरड्यांचा चीक तसाच. "भाऊजी, लवकर चला. ते कसेतरीच करून राहिले. कोंबडीनं मान टाकली."

साडू मागच्या ओसरीत जमिनीवर बसले होते. अंगात कारखान्याचा गणवेश, पायांत बूट. मांडीवर दोन नंबर. तिची मान त्यांच्या तळहातावर लोंबत होती आणि तुरा पांढराफटक पडला होता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं ते माझ्यावर रोखून नव्हे, कोणीतरी समजावून सांगावं म्हणून. "एकच सिरिंज काढली हो मी. वही पाहिली, नोंद नव्हती, मंग काढली. पोट मोजलं तं अजून फुगलेलंच होतं. एकच काढली, साडभाऊ. कावून असं झालं?"

काय झालं ते माझ्या लक्षात आलं. खरं सांगतो, एक क्षण असा गेला की गप्प राहावं असं मला वाटलं. ताईला माहीत नव्हतं, वही कोरी होती, आणि त्यांच्या हिशेबी जे लिहिलं नाही ते झालंच नव्हतं. कोंबडी तर काय, आजारीच होती. पण ते पुन्हा म्हणाले, "एकच काढली," आणि मला ते सहन झालं नाही.

"मी बाराला काढली होती," मी म्हणालो. "लिहिली नाही."

ताईनं तोंडाला हात लावला. साडूंनी कोंबडीवरची नजर काढली नाही. मग ते म्हणाले, "गुळाचं पानी आना. चिमूटभर मीठ टाका त्यात."

मी आणलं. थेंबाथेंबानं तिच्या चोचीच्या कडेला ते सोडत राहिले आणि मी मनगटावरच्या घड्याळात पाहून श्वास मोजत राहिलो. कधी मिनिटाला एवढे, कधी तेवढे, मध्येच एक लांब खंड पडे आणि आम्ही दोघंही आपला श्वास धरून बसायचो. ऊन ओसरीवरून अंगणात उतरलं. ताई दोनदा चहा ठेवून गेली, दोनदा गार झालेला उचलून घेऊन गेली. "माह्या बाळंतपनात नाई बसले एवढे," असं पुटपुटली, पण पदरानं कोंबडीला वारा घालायला तीच बसली. मी देवाला फारसं विचारत नाही. त्या संध्याकाळी साकडं घातलं. एका म्हाताऱ्या, अंडी न देणाऱ्या कोंबडीसाठी, आणि थोडं माझ्यासाठीही.

दिवे लागायच्या सुमाराला तिनं मान उचलली. इकडेतिकडे पाहिलं आणि साडूंच्या गणवेशावर भरपूर घाण केली. साडू हसायला लागले. हसता हसता त्यांनी चष्मा काढला आणि बाहीनं डोळे पुसले. मला तेव्हा त्यांची माफी मागायची होती, पण मी उठून त्यांचा गणवेश पुसायला फडकं आणलं. त्यांनी वही काढून त्या दिवसाच्या ओळीत दोन्ही सिरिंजा लिहिल्या आणि सहीच्या जागी स्वतःचीच सही केली.

दुसऱ्या दिवशी ते माझ्याकडून काम काढून घेतील असं मी धरून चाललो होतो. पहाटे ड्युटीवर जाताना त्यांनी माझं दार वाजवलं आणि उकळलेली सिरिंज फडक्यात गुंडाळून माझ्या हातात दिली. "बारा वाजता," म्हणाले आणि सायकलवर टांग टाकली. परत येताना ते आधी माझ्याच फाटकाशी थांबले, एक पाय जमिनीला टेकवून. "काढलं का, साडभाऊ?" "काढलं." "खाल्लं का तिनं?" "चार दाणे." "बरं." आयुष्यात कोणाला काही न विचारणारा तो माणूस त्यानंतर रोज मला विचारायला लागला. मी वहीतही लिहीत होतो, अगदी नेमानं. तरी ते विचारत.

डॉक्टरांनी सांगितलं होतं तसंच झालं. पाणी भरतच राहिलं, अंतर कमी होत गेलं. जूनच्या सुरुवातीला एका दुपारी मी फडकं उलगडलं तेव्हा ती पपईखाली बसलेली होती आणि मांडीशी यायला उठली नाही. मी सिरिंज बाजूला ठेवली आणि तिच्याजवळ बसून राहिलो. फार वेळ लागला नाही.

अडीच वाजता मी फाटकाशी उभा होतो. साडू आले, पाय टेकवला आणि माझ्याकडे पाहून त्यांना कळलं. काढलं का, असं त्यांनी विचारलं नाही. हँडलवरची रिकामी पिशवी उगीचच सरळ केली.

"एकटी तं नव्हती ना?"

"नाही," मी म्हणालो. "मी होतो."

"मंग ठीक हाय," ते म्हणाले. पण पाय काही त्यांनी जमिनीवरून उचलला नाही, आणि मीही आत गेलो नाही.