तिच्या अर्जात मी न लिहिलेली ओळ

मला तिचा हेवा वाटायचा, हे मी तेव्हा नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. सांगणार तरी काय? तिचा नवरा काबूलमध्ये रॉकेट पडून गेला होता, घर गेलं होतं, आणि ती बॉनमध्ये भावाच्या दोन खोल्यांत राहत होती. माझं सगळं धडधाकट होतं. अशा बाईवर जळायचं म्हणजे लाज वाटण्यासारखीच गोष्ट होती. मला लाज वाटायची, आणि तरी मी जळायचे.

आमची ओळख जर्मनच्या क्लासमधली. ती माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठी. बॉनला येण्याआधी दोन वर्षं तिने पेशावरला काढली होती, त्यामुळे तिचं उर्दू आणि माझं हिंदी यांचं छान जमायचं. दोघीही स्त्रीरोगतज्ज्ञ. पुण्यात सरकारी इस्पितळात मी सहा वर्षं बाळंतपणं केली होती. मग नवऱ्याला इथल्या टेलिफोन कंपनीत सॉफ्टवेअरचं काम मिळालं आणि आम्ही आलो. इथे माझी डिग्री चालत नव्हती. आप्रोबात्सियोन, म्हणजे डॉक्टरकीचा परवाना, मिळवायचा तर आधी भाषेची परीक्षा, मग कागदपत्रं, मग पुन्हा परीक्षा. तेवढ्यात मुलगी झाली आणि चार वर्षं निघून गेली. 'तुम्ही काय करता?' या धड्यातल्या प्रश्नाला मी 'हाउसफ्राउ', म्हणजे गृहिणी, असं उत्तर द्यायला शिकले होते. ती मात्र त्याच धड्यात प्रत्येक वेळी 'मी डॉक्टर आहे' असं सांगायची.

काबूलमधली राजवट कोसळली त्या हिवाळ्यानंतर तिचं क्लासमधलं लक्ष उडालं. वसंतात आमच्या बाईंनी फळ्याशेजारी एक कागद लावला. शहरातल्या एका मदतसंस्थेला काबूलच्या एका जनाना इस्पितळासाठी स्त्री डॉक्टर हवी होती. एक वर्ष तिथे राहायचं, सुईणींना शिकवायचं, बंद पडलेला प्रसूती विभाग उभा करायचा. अर्ज इंग्रजीत.

ती सरळ माझ्याकडे आली. म्हणाली, लिहून द्याल ना?

त्याच संध्याकाळी मी नवऱ्याला सांगितलं की मीही अर्ज करणार आहे. तो जेवता जेवता थांबला. मुलीचं काय, एवढंच त्याने विचारलं. आईला बोलावून घेऊ, असं मी म्हटलं. तो पुन्हा जेवायला लागला. मी खरंच जाईन असं त्याला वाटलं नसावं. मलाही वाटत होतं की नाही, कोण जाणे. पण कुणाला तरी माझी गरज आहे असा एक कागद मला हवा होता.

दुसऱ्या दिवशी ती माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसली. ती सांगत होती, मी लिहीत होते. कॉलेज, नोकरी, मग पेशावरला जाण्याआधीची, त्या कोसळलेल्या राजवटीतली तीन वर्षं. बायकांना काम बंद, इस्पितळाची दारं बंद. तिने घरातली मागची खोली मोकळी केली आणि तिथे बाळंतपणं करायला लागली. बायका भाजीची टोपली घेऊन पाहुण्यासारख्या यायच्या. कळांचा आवाज बाहेर जाऊ नये म्हणून तिची नणंद शिलाईचं मशीन जोरात चालवत बसायची. किती झाली, असं मी विचारलं, तर म्हणाली, मोजायला कुणी वही ठेवत नव्हतं.

ती गेल्यावर मी अर्ज पक्का केला. त्या तीन वर्षांसमोर मी एकच शब्द लिहिला: घरी.

याचं कुठे सर्टिफिकेट आहे, अशी मी स्वतःची समजूत घातली. पण मागच्या खोलीबद्दलची ओळ वाचली की माझा अर्ज कुणी हातातही धरणार नाही, हे मला नीट कळत होतं. तिने दुसऱ्या दिवशी कागद हातात घेतला, वरपासून खालपर्यंत नजर फिरवली आणि सही केली. दोन्ही अर्ज मीच नेऊन दिले.

मला दोन ओळींचं नकाराचं पत्र आलं. तिला मुलाखतीला बोलावलं. तिथे त्यांनी विचारलं की तीन वर्षं घरी काय करत होतात, आणि तिने आपल्या जर्मनमध्ये सांगितलं. शिलाईच्या मशीनचं ऐकताना समोरच्या बाईंनी पेन खाली ठेवलं, असं ती मला कौतुकाने सांगत होती. मी चहा गाळत होते. मला तिचं अभिनंदनही धड करता आलं नाही.

काबूलहून तिच्या ईमेल यायच्या, मोडक्या इंग्रजीत. एकाच पलंगावर दोन बाळंतिणी. वीज नाही, पाणी नाही, एका आठवड्यात तीन जुळी. मी इथे मुलीला किंडरगार्टनला सोडून यायचे आणि त्या वाचायचे. मुलीशी मराठीत बोललं की ती जर्मनमध्ये उत्तर द्यायची. घरात माझी भाषा चालत नव्हती, बाहेर माझी डिग्री. त्या पाणी नसलेल्या इस्पितळाचासुद्धा मला हेवा वाटायचा.

वर्ष झालं तरी ती परतली नाही, तिथेच राहिली. मग एक वेगळीच ईमेल आली. नवऱ्याच्या मारहाणीला कंटाळून पळालेल्या एका मुलीला पोलिसांनी तुरुंगात टाकलं होतं, आणि कोर्टाने तिच्या कौमार्याची तपासणी करून पाठवा म्हणून इस्पितळाला कळवलं होतं. ती मुलगी लग्न झालेली, तरी हा हुकूम. माझ्या मैत्रिणीने नकार दिला. तपासणीने काहीच सिद्ध होत नाही आणि मुलीची संमती नाही, असं लिहून दिलं. वरिष्ठांनी तिला प्रसूती विभागातून काढलं. आता त्या मुलीच्या वकील बाईला बाहेरच्या डॉक्टरचं मत हवं होतं. तुम्ही लिहाल का, असं तिने विचारलं होतं.

मला माझंच जुनं काम आठवलं. पुण्यात पोलीस अशाच बायका-मुली घेऊन यायचे. मी हातमोजे घालायचे, तपासायचे, छापील फॉर्मवर शरीरसंबंधांची 'सवयीची' आहे की नाही ते लिहायचे आणि पुढच्या पेशंटकडे वळायचे. त्यांची संमती विचारायची असते हेही मला सुचलं नव्हतं. तिने ज्याला नकार दिला, ते मी कितीदा केलं होतं. नोकरी मिळाली म्हणून मी तिच्यावर जळले होते, ते काहीच नव्हतं. त्या दिवशी तिच्या नकाराचा हेवा वाटला, तो फार खोल होता.

मी दोन दिवस खपून मत लिहिलं. त्यात मी स्वतः अशा तपासण्या केल्या आहेत आणि त्यांना वैद्यकीय अर्थ नाही, हेही घातलं. सोबत तिला वेगळी चिठ्ठी लिहिली. अर्जात 'घरी' का लिहिलं, ते सगळं खरं खरं सांगितलं.

चार दिवसांनी तिचा फोन आला. वकील बाईंना मत आवडलं, फक्त सही स्पष्ट हवी, असं तिने आधी सांगितलं. मग म्हणाली, "डॉक्टर, मला इंग्रजी नीट लिहिता येत नाही. वाचता येतं."

"म्हणजे तुम्ही तेव्हाच वाचलं होतं?"

"हो."

"मग सही का केलीत?"

"तुम्हालाही जायचं होतं. मी तुमच्या जागी असते तर कदाचित हेच केलं असतं. मुलाखतीत तोंड उघडेन एवढा मला भरवसा होता."

मला रडू आलं, पण त्यात थोडा रागही होता. क्षमा करण्यातही ती माझ्यापुढे होती.

माझं मत कोर्टाने वाचलं की नाही, कधी कळलं नाही. ती मुलगी पाच-सहा महिन्यांनी सुटली. वकील बाईंच्या मते जामीन द्यायला तिची मावशी पुढे आली म्हणून. तपासण्या थांबल्या नाहीत. माझ्या मैत्रिणीने इस्पितळ सोडलं आणि त्याच तुरुंगात बायकांसाठी दवाखाना काढला. मी भाषेची परीक्षा दुसऱ्यांदा दिली, तेव्हा पास झाले. परवाना यायला आणखी तीन वर्षं लागली. हल्ली मी बॉनजवळच्या एका इस्पितळात काम करते, पाणी भरपूर आणि पलंग रिकामे. तिची ईमेल आली की पहिल्या ओळीला अजूनही तिचा हेवा वाटतो. मग मी पुढे वाचते.