डोंगा उतरवायची जागा

माझ्या धाकट्या जावेचा मला राग यायचा, तो तिच्या हातात मोबाइल आला तेव्हापासून. गोसीखुर्दच्या पाण्यात आमचं गाव गेलं, आम्ही पुनर्वसनाच्या घरात आलो, पण दोघा भावांचा मासे धरायचा डोंगा एकच राहिला. धरणाचं पाणी चढलं-उतरलं की डोंगा टेम्पोनं नेऊन पाण्यात उतरवायची जागा बदलायची. मग ही बया ओसरीत बसून मोबाइलवर नकाशा उघडायची, बोटानं मोठा करायची आणि सांगायची, इथवर टेम्पो जाते, पुढं उतार आहे. आणि जागा बरोबर निघायची! माझा नवरा जेवायचा माझ्या हातचं आणि गोडवे गायचा तिचे. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

एका हिवाळ्यात पाणी खूप चढलेलं होतं. अशा वेळच्या नेहमीच्या जागेला कुणीतरी कुंपण घातलं आणि दुसरी जागा काही तिला सापडेना. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. म्हटलं, आण इकडे तो मोबाइल. नकाशात जिकडेतिकडे निळं. एक बारीक रेघ त्या निळ्यापाशी येऊन तुटली होती. तुटायच्या जरा आधीचं तिचं वळण मी ओळखलं. शेणाचं टोपलं डोक्यावर घेऊन मी रोज तिथूनच वळायची. तो आमच्याच गावचा सिमेंटचा रस्ता होता.

दुसऱ्या दिवशी टेम्पो तिथवर गेला. रस्ता सरळ पाण्यात उतरत होता आणि त्यावरून डोंगा अलगद सरकला. नवरा म्हणाला, "जमलं बाप्पा तुले." एवढंच. पण मी कितीतरी दिवस तोऱ्यात होते.

मग एका संध्याकाळी पाहते तर अंगणात बाया गोळा झालेल्या, मधे जाऊ. बाकीच्या डोंगेवाल्यांनाही सापडावी म्हणून तिनं नकाशात त्या जागेवर खूण टाकली होती. खुणेला आमच्या बुडालेल्या गावाचं नाव दिलं होतं. नकाशावरून ते नाव केव्हाच गेलं होतं. म्हाताऱ्या बाया मोबाइल हातात धरून ते पुन्हा पुन्हा वाचून घेत होत्या.

जाऊ मला म्हणाली, "बाई, जागा तं तुमीच शोधली. पाहा ना."

मी पाहिलं. डोळे असे भरून आले की अक्षरं दिसेनात. रस्ता ओळखला मी आणि गावाचं नाव लिहायचं सुचलं हिला. पदरानं डोळे पुसत मी तिला एवढंच विचारलं, "मले काहून नाही सुचलं वं?"