सीट धरून नऊ फूट

माझ्या मेहुण्याने वडीगोद्रीचं सायकलचं दुकान बंद करून मोबाईलचं टाकलं, तेव्हा त्याच्याकडे एक वस्तू उरली होती. कोणीतरी हौसेने मागवलेली आणि नंतर न्यायलाच न आलेली एकचाकी सायकल. एक चाक, दोन पायडल, वर उंच सीट. हँडल नाही, ब्रेक नाही. ती मोटरसायकलला बांधून तो नवीन जालन्याला आमच्या घरी आला आणि म्हणाला, "दाजी, तुम्ही फिजिक्सवाले. हे तुम्हालाच जमंल."

मी बदनापूरला एका शाळेत सव्वीस वर्षं विज्ञान शिकवतोय. गुरुत्वमध्य हा माझा आवडता धडा. त्यामुळे मी दुसऱ्याच दिवशी स्टाफरूममध्ये खडू घेऊन सगळ्यांना समजावलं, की एकचाकी म्हणजे उलटा लंबक. तत्त्व कळलं की तोल आपोआप येतो. मुख्याध्यापक बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "छान. मग विज्ञान प्रदर्शनाच्या दिवशी तुम्हीच करून दाखवा." प्रदर्शनाला तीन आठवडे होते.

सायकल शाळेत आणली. शाळा सुटली की मी व्हरांड्यात खिडक्यांचे गज धरून सराव करायचो. तत्त्व मला पूर्ण कळलेलं होतं. चाकाला बहुधा नव्हतं. मी सीटवर बसायच्या आत ते पुढे तरी पळायचं, नाहीतर मागून निसटून सीट फरशीवर आपटायची आणि पायडल माझ्या नडगीवर. चौथ्या दिवशी डाव्या पायाचा रंग पाहून बायको म्हणाली, "अहो, शाळेत जाता की मारामारीला?"

शाळेत खिचडी शिजवणाऱ्या मावशी भांडी घासून, स्वयंपाकघराला कुलूप लावून निघायच्या. त्यांना जायला तोच व्हरांडा. आठवडाभर त्या माझ्याकडे न पाहता बाजूने गेल्या, हा त्यांचा चांगुलपणा. एका संध्याकाळी मात्र थांबल्या.

"सर, एक बोलू का? राग न्हाई ना येणार?"

"बोला."

"तुम्ही चाकाकडं काहून पाहून राह्यले? ते कुठं पळून चाललं? समोर पाहा की. मी डोक्यावर भारा घेऊन बांधावरून चालायची. पायाकडं पाहिलं असतं तं कव्हाच चारीत गेली असती."

मी गजाला लोंबकळत मान हलवली.

"आन् बूड टेकवा बराबर. निस्तं पायावर उभं राहून राह्यले. सीट निसटायली तं धरा ना तिला. एक हात रिकामाच हाय."

मी उजव्या हाताने सीटचं पुढचं टोक, दोन मांड्यांच्या मधून, घट्ट धरलं. नजर व्हरांड्याच्या टोकाला असलेल्या पाण्याच्या टाकीवर लावली. सगळं वजन सीटवर सोडलं आणि डाव्या हाताने गज सोडला. चाक अख्खं एकदा फिरलं. मग मी उतरलो, पडलो नाही. माझ्या तोंडून मोठ्याने काहीतरी निघालं. काय ते आठवत नाही, पण वयाला शोभणारं नव्हतं. मावशी म्हणाल्या, "आता जमंल," आणि घरी गेल्या.

प्रदर्शनापर्यंत मी सीट धरून आठ-नऊ फुटांवर आलो. हात सोडला की पडायचो. म्हणून ठरवलं, धरूनच चालवायची.

त्या दिवशी मैदानावर पोरं, पालक आणि प्रमुख पाहुणे म्हणून एका बियाणे कंपनीचे साहेब होते. मी आधी पंधरा मिनिटं गुरुत्वमध्य समजावला. मग स्टेजचा खांब धरून वर बसलो, सीट पकडली आणि निघालो. चार फूट गेलो असेन, तेवढ्यात मागच्या रांगेतून आवाज आला, "सरची पॅन्ट सुटून राह्यली!"

लांबून पाहणाऱ्यांना मी सीट नाही, पॅन्टच धरलीय असं दिसत होतं. अख्खं मैदान हसलं. उजवा हात सोडला तर पडणार, नाही सोडला तर हे. मी नाही सोडला. नऊ फूट पुरे करून दोन्ही पायांवर उतरलो, तर समोर शाळेतल्याच एक शिक्षिका उभ्या. मुख्याध्यापक बाईंनी त्यांच्या हाती लगबगीने सेफ्टी पिन पाठवली होती. मी ती घेतली. दुसरं काय करणार?

पाहुण्यांनी भाषणात माझा खास उल्लेख केला. म्हणाले, अडचण कशीही असो, एका हाताने लाज सांभाळत माणसाने पुढे जात राहावं, हे आज सरांनी दाखवलं. टाळ्या पडल्या. गुरुत्वमध्याबद्दल एकानेही विचारलं नाही.

पुढच्या आठवड्यात मी एकचाकी घरी न्यायला काढली, तर मावशींनी हात धुऊन पदर खोचला. "जरा पाहू द्या मला बी." एका हाताने गज, दुसऱ्याने सीट. त्या पहिल्यांदा पडल्या, दुसऱ्यांदा पडल्या, तिसऱ्यांदा बसण्याआधीच पडल्या आणि फरशीवर बसून इतक्या हसल्या, की मला त्यांना उठवता येईना.

"सांगणं सोपं हाय, सर," त्या डोळे पुसत म्हणाल्या. मग विचारलं, "तुम्ही त्या दिवशी एवढा वेळ काय सांगत व्हते?"

परीक्षेत येणार नसताना हे मला कोणी पहिल्यांदाच विचारत होतं. मी त्यांच्या शेजारी फरशीवर बसलो, चाक आडवं धरलं आणि उलट्या लंबकापासून सुरुवात केली. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं.

"म्हंजे ज्या अंगाला पडायलो, चाक तिकडंच न्यायचं. एवढंच ना?"

"एवढंच," मी म्हणालो.

"मंग धरा बरं मला," त्या म्हणाल्या, आणि गजाला धरून पुन्हा उभ्या राहिल्या.