टोकाच्या खोलीची किल्ली

आमच्या लालबागच्या चाळीत शेजारची खोली चार मुलांनी मिळून भाड्याने घेतलीय. त्यातला लातूरचा मला खुपतो. त्याचं दार कायम सताड उघडं, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला, "जेवलाव का?" माशाचं कालवण केलं की बायका वाटी आधी त्याला देतात. मे महिन्यात गावी जाताना टोकाच्या खोलीतल्या काकूंनी किल्लीही त्यालाच दिली. माझ्या लहानपणापासून ती आमच्या खुंटीला असायची!

काल तो म्हणाला, "दादा, मी गावाकडं चाललोय. काकूंची किल्ली ठेवता?"

"मला का नाही दिली त्यांनी?"

"आल्या होत्या की ओ. एसीमुळं तुमचं दार बंद. उगाच कशाला वाजवायचं, म्हणाल्या."

मी किल्ली जवळजवळ हिसकावलीच. घरात येऊन भिंतीवर हात फिरवला. एसी बसवताना खुंटी आम्हीच उपटली होती.