माझ्या बापाचा ‘च’

आमच्या शेताच्या धुऱ्याला, बांधाला लागून, मातीचा एक उंचवटा आहे. नांगर जरा खोल गेला की त्यातून विटा निघतात, आजच्या विटेच्या दुप्पट. दरेकशाला गाडीतून उतरून कोणीही पाहुणा घरी आला, की चहा झाल्याबरोबर बाबा त्याला तिकडे न्यायचे आणि सांगायचे, "हा विहारच होता." गावातले काही जण म्हणायचे, मालगुजाराचा गोठा असन. बाबा त्यांच्याशी भांडायचे. दुसऱ्यांच्या शेतात राबलेल्या आमच्या घराण्यात पहिली जमीन त्यांनी घेतली. त्याच जमिनीत आपल्या लोकांचा बौद्ध विहार निघावा, याहून मोठं त्यांना काय मिळणार होतं? त्यांच्यामुळेच मी पुरातत्त्व शिकायचं ठरवलं.

नागपूरच्या त्या अभ्यासक्रमाची मुलाखत इंग्रजीत होती आणि माझ्या इंग्रजीची बोंब. म्हणून गोंदियात एका मॅडमकडे शिकवणी लावली. पहिल्याच दिवशी मी तोऱ्यात आमच्या उंचवट्याबद्दल सांगितलं, "इट वॉज अ विहार."

"तू पाहिलास?"

"नाही. पण होताच."

"मग ‘वॉज’ कशाला म्हणतेस?"

असा राग आला म्हणता. ही बाई माझ्या बापाला खोटं पाडून राहिली, असंच वाटलं. मॅडम मात्र थंड. म्हणाल्या, "भाऊ दिसत नाही, पण त्याची सायकल दाराशी उभी आहे. घरी काय म्हणशील?"

"आलाच असन."

"आणि सायकलही नाही, नुसतं कुत्रं भुंकून राहिलं?"

"आला असन."

"पहिलं ‘मस्ट हॅव’, दुसरं ‘मे हॅव’. फरक एका ‘च’चा. पुरावा असला तरच तो लावायचा."

मी हात टेकले. शाळेत बोलीवरून मला हसणारे पुष्कळ भेटले होते. तिच्यातून इंग्रजी शिकवणारी ही पहिलीच. मग एव्हिडन्स, सजेस्ट, प्रॉबेबली, सगळं मी घरच्या बोलण्याला लावून पाहू लागले. आई फोनवर "पाणी येते वाटते" म्हणाली, की मी मनात ‘सीम्स’ म्हणून मोकळी.

मुलाखतीत मी शेतातल्या विटांचं सांगितलं आणि त्यांनी नेमकं तेच विचारलं: उंचवट्यात काय होतं? बाबांचा चेहरा डोळ्यांपुढे आला. ‘वॉज’ अगदी जिभेवर होतं. पण मी म्हणाले, इट मे हॅव बीन अ विहार. विटा मोठ्या आहेत, पण अजून कोणी खोदून पाहिलेलं नाही. मला प्रवेश मिळाला.

घरी गेल्या गेल्या बाबांनी विचारलं, "विहारच होता, असं सांगितलं ना?"

"विहार असन, असं सांगितलं बाबा."

"काऊन? माझ्यावर भरोसा नाही?"

"आहे. पण विटांशिवाय आपल्या हातात काहीच नाही."

ते रागावले नाहीत. जेवले, हात धुतले आणि बाहेर जाऊन बसले. त्यानंतर कितीतरी दिवस माझ्याशी धड बोलले नाहीत. मला तो प्रवेशच नकोसा झाला.

मग अर्जुनीकडचे सोयरे आले. चहा झाला आणि बाबा त्यांना घेऊन शेताकडे निघाले. मीही मागे गेले. उंचवट्यावर उभे राहून, एक वीट हातात घेऊन बाबा म्हणाले, "इथं विहार असन. पोरगी शिकून राहिली. खोदल्यावर सांगन थे."

जन्मभर गावाशी भांडून राखलेला ‘च’ त्यांनी असा सोडून दिला. मला अभिमानही वाटला आणि रडूही आलं. सोयरे मात्र हसले. "काऊन भाऊ, मागच्या खेपेला तर विहारच होता म्हणत होते?"

बाबांनी हातातली वीट खाली ठेवली.

"थो मले पाहिजे होता," ते म्हणाले. "आताबी पाहिजे हाये."