शिरगणतीचं कलम

अमेरिकेच्या सुरुवातीच्या इतिहासाबद्दल मी एका काकूंना खोटं सांगितलं. मिशिगनमधल्या ट्रॉय गावच्या वाचनालयातल्या मीटिंग रूममध्ये, हातात समोसा असताना आणि खरं काय ते पक्कं ठाऊक असताना. सव्वादोनशे वर्षांपूर्वीच्या कायद्यांबद्दल थाप मारली तर कुणाचं काय बिघडणार, असं तुम्ही म्हणाल. काकूंचं बिघडलं. त्यांना पुन्हा एकदा रंगमंचावर उभं राहायचं होतं, आणि ते माझ्यामुळे राहून गेलं.

माझ्या पोटापाण्याच्या धंद्यापासून सांगतो, कारण खोड तिथली आहे. मोटारींचे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत मी वाक्यं लिहितो. पट्टा लावला नसेल तर सीटच्या यंत्रणेने चालकाला सूचना द्यावी. दार उघडं असेल तर आतला दिवा लागावा. अशा प्रत्येक वाक्याला एक मालक असावा लागतो, म्हणजे काम नेमकं कुठल्या भागाचं हे त्यात लिहिलेलं असावं लागतं. मालक नसलेलं वाक्य आमच्याकडे पाप समजतात. या नोकरीत सुख असं, की सीट कधी उलटून विचारत नाही. आज्ञा लिहायची, ती पाळली जाते. इतकी वर्षं हे केल्यावर माझं माणसांशी बोलणंही तसंच झालं होतं, असं बायको म्हणते. ती हे चारचौघांत म्हणते.

त्यात मी नागरिकत्वाची परीक्षा दिली. परीक्षा सोपी असते, पण मी अभ्यासाला बसलो की थांबत नाही. पास झाल्यावरही ऑफिसला ड्राइव्ह करताना मी इतिहासाची व्याख्यानं ऐकत राहिलो. हा देश नवा होता तेव्हाची गंमत मला त्यात कळली. कामं डोंगराएवढी आणि सरकारात माणसं मूठभर. मग काँग्रेसने, म्हणजे इथल्या संसदेने, काय करावं? जो कुणी पदावर सापडेल त्याच्या गळ्यात कायद्याने काम बांधावं. न्यायालयाचे हुकूम बजावायला मार्शल नेमले होते, तर कायदा करून त्यांनाच गावोगाव माणसं मोजायला पाठवलं. दीपगृहांची कंत्राटंदेखील मंजुरीला थेट राष्ट्राध्यक्षांकडे जायची. ज्याने नुकती क्रांती जिंकली त्याने आता दिव्याचं तेलपाणी बघायचं. आणि कायद्यात शब्द तेच: हे त्याचं कर्तव्य राहील. ते ऐकून मला घरच्या माणसांत आल्यासारखं वाटलं. माझ्याच धंद्यातले लोक होते ते.

एवढ्यावर थांबलो असतो तर त्रास फक्त घरच्यांना झाला असता. पण त्या वर्षी आमच्या महाराष्ट्र मंडळात पाडव्याला श्रीखंड संपलं.

हा प्रसंग बाहेरच्या माणसाला क्षुल्लक वाटेल. आमच्याकडे त्यावर फोन झाले, ग्रुप सोडले गेले, एका कुटुंबाने दुसऱ्या कुटुंबाचं बार्बेक्यू कॅन्सल केलं. किती लोक येणार आणि किती आले हे कुणी मोजलंच नव्हतं, आणि मोजायचं कुणी होतं यावर एकमत नव्हतं. मंडळाचे अध्यक्ष माझ्याच वयाचे, पुण्याचे, एका आयटी कंपनीत मॅनेजर. ते मला म्हणाले, "यार, तू ऑफिसात हेच करतोस ना? कुणी काय करायचं ते एकदा लिहूनच टाक. मग कुणाला विचारायला नको, की कुणाच्या पाया पडायला नको."

मी मंडळाची नवी नियमावली लिहायला घेतली. इतका आनंद मला लग्न ठरल्यावरही झाला नव्हता. खजिनदाराला कामं दिली, चिटणिसाला दिली, सांस्कृतिक सचिवाला माइकच्या बॅटऱ्यांपर्यंत सगळं दिलं. शिरगणती उरली. ती मी उपाध्यक्षांना दिली, कारण उपाध्यक्षांना तोवर काहीच काम नव्हतं. कलम असं होतं: प्रत्येक कार्यक्रमात पहिल्यापासून अखेरपर्यंत सभागृहाच्या दाराशी स्वतः थांबून उपस्थितांची मोजदाद करणे हे उपाध्यक्षांचे कर्तव्य राहील. त्यातलं 'स्वतः' मला फार आवडलं होतं. राष्ट्राध्यक्ष दीपगृहांकडे स्वतः लक्ष देत होते, तर आमच्या उपाध्यक्षांनी दारात स्वतः थांबायला काय हरकत होती?

उपाध्यक्ष म्हणजे काकू. वय पासष्टच्या आसपास, मूळच्या नागपूरच्या, इथल्या एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत नोकरी करून निवृत्त झालेल्या. मंडळाच्या स्वयंपाकात त्यांचा हात नाही असा सण नव्हता. 'काही करायचं नसतं हो, फक्त फोटोत बसायचं,' असं सांगून त्यांना उपाध्यक्ष केलं होतं. सांगणाऱ्यांत मीही होतो.

वाचनालयातल्या त्या सभेत मी मसुदा वाचून दाखवला. आधी प्रस्तावना म्हणून मार्शल आणि दीपगृहं सांगितली. लोकांनी समोशांच्या आशेने ऐकून घेतलं. शिरगणतीचं कलम वाचल्यावर काकूंनी वर्गात करतात तसा हात वर केला आणि विचारलं, "पण तेव्हा कुणी नाही म्हटलं नाही का रे? म्हणजे, पद एका कामासाठी घेतलं आणि वरून दुसरंच आलं, तर?"

आता खरं सांगतो. म्हटलं होतं. जखमी सैनिकांचे निवृत्तिवेतनाचे अर्ज तपासायचं काम काँग्रेसने कायदा करून न्यायाधीशांवर टाकलं, तेव्हा न्यायाधीशांनी राष्ट्राध्यक्षांना सरळ कळवलं की हे न्यायालयाचं काम नाही, आम्ही ते करू शकत नाही. मी ते व्याख्यान दोनदा ऐकलं होतं. दुसऱ्यांदा केवळ आवडलं म्हणून.

"नाही काकू," मी म्हणालो. "कुणीच नाही. पद घेतलं की कर्तव्य आलंच, असे लोक होते ते."

"मोठी माणसं," काकू म्हणाल्या आणि हात खाली घेतला. नियमावली एकमताने मंजूर झाली. समोसे पुरले.

गणपतीत काकूंनी दारात उभं राहून माणसं मोजली. आरतीचा आवाज त्यांना बाहेर ऐकू येत होता, असं त्या नंतर म्हणाल्या. तक्रार म्हणून नव्हे, माहिती म्हणून.

दिवाळीच्या कार्यक्रमासाठी एकांकिका ठरली. पीएचडी करणाऱ्या एका मुलाने लिहिलेली होती: मुलांना न सांगता घर विकून टाकणारी एक म्हातारी, आणि घर बघायला आलेलं एक तरुण जोडपं. म्हातारीच्या कामासाठी काकूंनी स्वतःहून नाव दिलं. त्या नागपूरला कॉलेजात असताना नाटकातून कामं करायच्या, हे आम्हा कुणालाच माहीत नव्हतं. लग्न झालं, इकडे आल्या, राहून गेलं, एवढंच त्यांनी सांगितलं. तालमी आमच्या बेसमेंटमध्ये व्हायच्या, माझी बायको हातात संहिता धरून प्रॉम्प्टिंग करायची. मी एकदा खाली चहा द्यायला गेलो तेव्हा काकू रिकाम्या भिंतीकडे बघून घर विकत घेणाऱ्याला खिडकीतून दिसणारं झाड दाखवत होत्या. आमच्या बेसमेंटला खिडकी नाही. मी चहाचा ट्रे घेऊन तसाच उभा राहिलो.

कार्यक्रमाच्या आदल्या आठवड्यात कार्यकारिणीची ऑनलाइन बैठक झाली. कोण कुठे थांबणार याची उजळणी करताना अध्यक्ष अडखळले. त्यांनी मला विचारलं, की काकू स्टेजवर असतील तर दारात कोण, आणि कलमाप्रमाणे दुसरं कुणी चालेल का? चाललं असतंच. मी 'चालेल' म्हणायचं, की विषय संपला. पण पाडव्याच्या भांडणातला एक गट बैठकीत होता. नियम पहिल्याच दिवाळीला वाकवला तर पुन्हा श्रीखंड व्हायचं, असं त्यांच्यातलं कुणीतरी बोललं. आणि मला, काय सांगू, माझं कलम पहिल्यांदाच कसोटीला लागलेलं बघून आत कुठेतरी बरं वाटलं. मी घसा साफ करून म्हणालो, कलमात 'स्वतः' असं आहे. बदल करायचा तर सर्वसाधारण सभा बोलवावी लागेल, तिला आगाऊ सूचना लागेल. तेही मीच लिहिलं होतं.

काकूंचा चौकोन पडद्यावर होता. माइक बंद होता. त्या काही बोलल्या असतील तर आम्हाला ऐकू आलं नाही, आणि कुणी त्यांना माइक चालू करा असंही म्हटलं नाही. मग चॅटमध्ये त्यांचा मजकूर आला: ठीक आहे.

संपूर्ण संहिता पाठ असलेली एकच बाई उरली होती, माझी बायको. तिने नाही म्हटलं असतं तर त्या पीएचडीच्या मुलाची एकांकिका गेली असती, म्हणून ती हो म्हणाली, आणि नंतर माझ्याशी बोलेनाशी झाली. फक्त एकदा भांडी लावता लावता म्हणाली, "तू दारात उभा राहिला असतास तर तुझा देश बुडाला असता का?"

दिवाळीच्या दिवशी, एका हायस्कूलच्या सभागृहात, बायकोने काम चांगलं केलं. मला ते पूर्ण बघवलं नाही. मध्येच उठून बाहेर आलो. लॉबीत फोल्डिंगच्या खुर्चीवर काकू बसल्या होत्या. हातात माणसं मोजायचं ते टकटक वाजणारं यंत्र. आणि अंगावर म्हातारीच्या कामासाठी निवडलेलं जुनं, विटकं लुगडं. बाकी सगळ्या बायका पैठण्यांत होत्या. शेवटच्या क्षणी कुणीतरी 'जा आत' म्हणेल म्हणून त्या ते नेसून आल्या असणार. आतून बायकोचा आवाज येत होता आणि काकूंचे ओठ हलत होते. त्या वाक्यं माझ्या बायकोच्या किंचित आधी म्हणत होत्या.

मला बघून त्या थांबल्या. मी बाथरूमकडे बोट दाखवलं. त्यांनी मान हलवली. मी बाथरूममध्ये जाऊन हात धुतले, पुन्हा धुतले, आणि परत येताना दुसऱ्या दाराने आत गेलो. मी एकदा बाहेर गेलो आणि एकदा आत आलो, हेही त्यांनी मोजलं असेल.

मोजदाद अचूक झाली होती. तो आकडा इतिवृत्तात गेला. केटररने जेवण आपल्या अंदाजाने पाठवलं होतं आणि ते भरपूर उरलं. आकडा आजवर कुणी विचारलेला नाही.

काकूंनी जानेवारीत राजीनामा दिला. कारण लिहिलं नव्हतं. संक्रांतीला त्या आल्या नाहीत, तिळगूळ बाहेरून मागवावा लागला आणि तो दात पाडणारा निघाला, तेव्हा कार्यकारिणीला वाईट वाटायला लागलं. दिलगिरी व्यक्त करावी यावर सगळे राजी होते. कुणी करावी, हा प्रश्न होता. अध्यक्ष म्हणाले, हा सांस्कृतिक सचिवांचा विषय. सांस्कृतिक सचिव म्हणाले, नाटकाचा असता तर माझा, हा दाराचा आहे. खजिनदार म्हणाले, फुलं पाठवायची असतील तर मी आहे. मग सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे वळल्या, कारण दिलगिरीला नियमावलीत मालक नव्हता. अध्यक्ष म्हणाले, "तू एक ठराव ड्राफ्ट कर ना."

आणि मी केला. लाज वाटते, पण केला. घरी येऊन लॅपटॉप उघडला आणि लिहिलं: झाल्या प्रकाराबद्दल मंडळाच्या वतीने खेद व्यक्त करणे हे... इथपर्यंत आलो आणि पुढे कुणाचं नाव टाकावं ते सुचेना. एकेक पद टाकून पाहिलं. बायको मागे उभी राहून वाचत होती, हे मला उशिरा कळलं. तिने गाडीची किल्ली आणून की-बोर्डवर ठेवली.

काकूंच्या ड्राइव्हवेवर काका बर्फ काढत होते. मला बघून म्हणाले, "या. मोजायला आलात का? घरात एक आहे, बाहेर एक आहे." मी हसलो. ते हसले नाहीत.

काकू स्वयंपाकघरात मेथी निवडत होत्या. त्यांनी बस म्हटलं, चहा टाकला, बायकोचं काम छान झालं असं लोकांकडून ऐकलं म्हणाल्या. मी सुरुवात केली, "काकू, मंडळाच्या वतीने..."

"मंडळ नको," त्या म्हणाल्या. "तुला काही बोलायचं असेल तर बोल."

मग मी त्यांना न्यायाधीशांचं सांगितलं. काम गळ्यात पडल्यावर त्यांनी कसं कळवलं, की हे आमचं नाही. त्यांच्यातल्याच काहींनी पुढे सैनिकांच्या दयेपोटी, आपल्या मर्जीने ते अर्ज कसे ऐकून घेतले, तेही सांगितलं.

काकूंचे हात थांबले. "आणि नाही म्हणणाऱ्यांचं काय केलं?"

"काही नाही. काँग्रेसने कायदा बदलला."

"म्हणजे मी त्या दिवशी नाही म्हटलं असतं तर चाललं असतं."

"हो."

चहा उकळून वर आला तो मीच उठून बंद केला. मग त्या म्हणाल्या, "अरे, मी विचारलं होतं तुला. आणि तू मला नुसतं विचारलं असतंस ना, की काकू, दाराला कुणी नाही, थांबाल का, तर मी थांबलेही असते. नाटक सोडून थांबले असते कदाचित. ते वेगळं झालं असतं."

निघताना छापून घेतलेल्या अर्धवट ठरावाची घडी माझ्या खिशात होती. तिला हात लावला नाही. म्हणालो, "काकू, मला खरं माहीत होतं आणि मी तुमच्या तोंडावर खोटं बोललो. तुम्ही नाही म्हणाल याची भीती होती, म्हणून. त्या बैठकीत मी एक शब्द बोललो असतो तर तुम्ही आत असता, आणि मी मुद्दाम बोललो नाही. यात मंडळाचं काही नाही. माझं चुकलं. मला माफ करा."