उस्तानीजींचा शक

आमच्या उस्तानीजी कुणाकडे गेल्या की हातात आलेलं पाणी लगेच पीत नसत. दुसरा पेला मागवत, पाणी या पेल्यातून त्या पेल्यात ओतत, उजेडाकडे धरून बघत आणि मगच ओठाला लावत. घरची बाई मनातून कितीही धुमसली तरी त्यांना त्याचं काही नसे. "शक करनेवाला देर से सोता, पर लुटता नै," असं त्या म्हणत. औरंगाबादच्या आमच्या जनाना शाळेत अलिफ-बे यायच्या आधी हे वाक्य मुलींना पाठ व्हायचं.

निजामाचं राज्य होतं आणि शाळा उर्दूत चाले. शाळेला उंच भिंती, दाराला जाड पडदा आणि पडद्याच्या आत उस्तानीजी, म्हणजे आमच्या मास्तरीणबाई. खरं नाव सकीना बेगम, पण ते घ्यायची कुणाची टाप नव्हती. त्या हिसाब, म्हणजे गणित शिकवत. रोज वेगळ्या टांग्यातून येत, कारण एकाच टांगेवाल्याला आपल्या येण्याजाण्याची वेळ कळू देणं त्यांना धोक्याचं वाटे. दौलताबादची सीताफळं घेऊन कुणी दारात आली, तर तिला टोपलीच्या तळातली आधी काढायला लावत. वर्गात कुणी शिंकलं तरी त्यांची मान वळे. शिंकेतून शेजारणीला उत्तर सांगता येतं, हे आम्हाला त्यांच्याकडूनच कळलं.

अशा बाईच्या हातात माझं नशीब आलं. मी अकरा मुलींच्या वर्गात हुशार म्हणून गणली जात होते. वडील कचेरीत कारकून होते, शिकवायला तयार होते, पण त्यांची एक अट होती. हैदराबादच्या मुलींच्या कॉलेजात जागा मिळाली तर शीक, नाही मिळाली तर करमाडचं स्थळ. करमाडची मंडळी मला बघूनही गेली होती. घर चांगलं होतं, जमीन होती, आणि तिथं गेलं की पुस्तक म्हणून पंचांगच हाती येणार हे मला पक्कं ठाऊक होतं.

माझी एक अडचण होती आणि ती आई सोडून कुणालाही माहीत नव्हती. मला लांबचं दिसत नसे. आईच्या लक्षात आलं तेव्हा तिनं मला स्वयंपाकघरात नेऊन बजावलं होतं, "कुणापाशी बोलू नगंस. डोळ्याची खोट असलेली पोर कोण करून घेईल?" मीही बोलले नाही. फळा दिसत नव्हता, पण शेजारी रशीदा बसे. तिनं उतरवून घेतलेलं उदाहरण बघायचं आणि आपलं आपण सोडवायचं, असं माझं छान चाललं होतं.

शेवटच्या वर्षी उस्तानीजींनी माझी नजर पकडली.

"उठ," त्या म्हणाल्या. "तेरी आँख रशीदाकी कापी पर कैकू जाती? मला काय समजत नाय का?"

मी आईला शब्द दिला होता. मान खाली घातली. त्यांनी मला उचलून सगळ्यात मागच्या बाकावर, भिंतीपाशी एकटी बसवली. तिथून फळा म्हणजे नुसता काळा पट्टा दिसे. शाळेच्या वार्षिक परीक्षेत प्रश्न फळ्यावरच लिहीत. मी जे दिसलं ते लिहून घेतलं, मन लावून सोडवलं आणि हिसाबात नापास झाले. उस्तानीजींनी माझा पेपर मला दाखवलाही नाही, फक्त म्हणाल्या, "बघ. रशीदा नै, तो तू नै." त्या क्षणी मला त्यांचा इतका राग आला की त्यांच्या टांग्याचं चाक निखळावं असं मी मनोमन मागितलं. मुलींमध्ये कुजबुज होती की उस्तानीजींना वशिल्याची दुसरी कुणी पोर हैदराबादला पाठवायची आहे. मीही ते खरं मानलं. शक संसर्गजन्य असतो.

पुढं मॅट्रिकची सरकारी परीक्षा आली. तिथं छापील पर्चा हातात मिळाला आणि मला हिसाबात शाळेत सगळ्यांत जास्त मार्क पडले. घरात साखर वाटली. आणि तिथंच घोटाळा झाला. कॉलेजात जागा थोड्या, म्हणून ते शाळेचे शेवटच्या वर्षाचे मार्कही बघत. शाळेत नापास झालेली मुलगी महिन्या-दोन महिन्यांत पहिली कशी येते, असं त्यांनी शाळेला विचारलं. तोवर जागा अडवून ठेवली. वडिलांनी करमाडला निरोप पाठवायची तयारी सुरू केली.

उस्तानीजी दुसऱ्या दिवशी आमच्या दारात. बुरखा मागं सारून ओट्यावर बसल्या. आईनं त्यांच्यासाठी वेगळा ठेवलेला पेला आणला. त्यांनी दुसरा मागितला, पाणी ओतून बघितलं, प्यायल्या.

"दाल में काला नै, पूरी दालच काली है," त्या मला म्हणाल्या. "सच बोल. सरकारी परीक्षेत कोणाचं बघितलंस?"

"कुणाचंच नाय."

"मग माझ्याकडं कशी बुडालीस?"

मी आईकडे बघितलं. त्यांनी पिशवीतून खडू काढला. ही बाई खडू घेऊन चोर पकडायला आली होती. अंगणाच्या पलीकडे कोठीचं काळपट दार होतं, त्यावर त्यांनी उदाहरण लिहिलं आणि मला इकडच्या भिंतीपाशी उभं केलं. मी पाटीवर झरझर सोडवून दिलं. त्यांनी पाटी बघितली, दाराकडे बघितलं, पुन्हा पाटी बघितली. उत्तर चूक होतं. रीत पायरीपायरीनं बरोबर होती.

"वरचा आकडा वाच," त्या म्हणाल्या.

"पंचवीस."

दारावर साडेतीनशे लिहिलं होतं. उर्दूत दोन आणि तीन यांच्या आकड्यांत एका दाताचा फरक असतो आणि शून्य म्हणजे नुसता ठिपका. मला दात दिसला नव्हता, ठिपकाही दिसला नव्हता.

आई दारातून पुढं आली. "उस्तानीबाई, पाया पडते, बाहेर बोलू नगा. करमाडवाले पाहून गेलेत. त्यांना कळलं तर मोडतंय सगळं."

उस्तानीजींनी खडू पिशवीत टाकला. मग म्हणाल्या, "यमुनाकी अम्मा, मी वर्षभर चोर शोधत होते. चोर मैंच हूँ. मागच्या बाकावर मी बसवलं हिला."

त्यांनी कॉलेजला पत्र पाठवलं नाही. "कागज पे लोगां शक करते, मुँह पे कम," असं म्हणून मला आणि वडिलांना घेऊन गाडीनं हैदराबादला निघाल्या. जनाना डब्यात पेटीवर बसून राहिल्या, कारण पेटीवर बसलं तरच पेटी आपली, असा त्यांचा हिशेब. तिथं आधी मला डॉक्टरांकडे नेऊन चष्मा करवला. तो डोळ्यावर चढला आणि मी पहिल्यांदा बघितला तो त्यांचा चेहरा. त्यावर देवीचे बारीक वण होते. इतकी वर्षं ज्यांच्यापुढे थरथरले त्यांचा चेहरा मला धड माहीतच नव्हता, याचं मला रडू आलं.

प्रिन्सिपलबाईंपुढे त्या उभ्याच राहिल्या. "हिचा शाळेतला आकडा माझ्या चुकीचा आहे," त्या म्हणाल्या. "माझा शक होता म्हणून हिला मागं बसवली. तुम्हालाही शक आहे. जरूर घ्या. पण हिला पुढं बसवून घ्या." प्रिन्सिपलबाईंनी तिथल्या तिथं दोन उदाहरणं फळ्यावर घातली. दोन्ही बरोबर आली आणि मला जागा मिळाली. करमाडचं स्थळ चष्म्याची बातमी कळताच मोडलं. आई पुष्कळ दिवस उस्तानीजींचं नाव घेत नव्हती.

शिकून परत आले आणि मी त्याच शाळेत नोकरीला लागले. उस्तानीजी तोवर घरी बसल्या होत्या, शहागंजात एकट्या राहत. एका दुपारी टांगा करून स्वतःहून आमच्याकडे आल्या. मी त्यांना घरातल्या नेहमीच्या पेल्यात पाणी दिलं. त्यांनी पेला घेतला आणि तसाच ओठाला लावला. दुसरा मागितला नाही, उजेडाकडे धरला नाही.

माझं मन भरून आलं. अखेर या बाईनं माझ्यावर भरवसा ठेवला, असं वाटलं. पण मी शिष्या कुणाची होते? पेला खाली ठेवताना त्यांचा हात आधी ओटा चाचपून गेला, ते मला दिसलं. मी थोडी मागं सरकले आणि हात वर केला.

"उस्तानीजी, किती बोटं?"

"तीन," त्या झटकन म्हणाल्या.

मी मूठ धरली होती.

"कधीपासून दिसत नाय?"

त्यांनी पदर सारखा केला, वणांवरून हात फिरवला. मग हसल्या, अगदी कमी वेळा हसत तशा.

"पकड लिया ना?" त्या म्हणाल्या. "अब पुढच्या बाकावर बसव मला."

मी त्यांचा हात धरून त्यांना आत, खिडकीपाशी नेलं.